गाडी गॅसवरच का मिसिंग करते?

मंडळी, ‘सीएनजी गाडी गॅसवर मिसिंग करते, म्हणजे आचके देते, पेट्रोलवर झकास चालते’ अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक आलं, की आपल्या वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंत पहिला हात पडतो तो किटवर, म्हणजे गॅसच्या जोडणीवर. गॅस सोडणाऱ्या इंजेक्टरची रेल बदला, गॅसचा दाब उतरवणारा रिड्यूसर बदला. मी म्हणतो, आधी ठिणगी पाडणारे प्लग काढून बघा.

गॅस आणि हवेचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. प्लगची गॅप वाढलेली असली, प्लगला व्होल्टेज पुरवणारी कॉइल थकलेली असली, तरी पेट्रोल ते खपवून घेतं. गॅस घेत नाही. दोष ठिणगीचा आणि आळ गॅसवर! त्यात चढ लागला, चार माणसं बसली, एसी चालू असला, की इंजिनातला दाब वाढतो आणि ठिणगी पडणं आणखी अवघड होतं. म्हणून घोडबंदर रोडवर सपाटीला गुमान चालणारी गाडी गायमुखच्या चढावर आचके देते. टेस्ट ड्राइव्ह गल्लीत नको, तिथे घ्या. ट्रॅफिकने वाट दिली तर!

खरं तर दोन इंधनांची गाडी म्हणजे मेकॅनिकची चैन. एक बटण दाबलं की अर्धं निदान. त्रास दोन्हींवर असेल, तर हवा, ठिणगी, सेन्सर असं सामाईक काहीतरी बिघडलंय. पण बाहेरून बसवलेल्या किटमध्ये इथेही फसगत होते. त्या किटचा ईसीयू, म्हणजे इंधन किती सोडायचं ते ठरवणारा कंप्युटर, वेगळा. पेट्रोल इंजेक्टरकडे निघालेला सिग्नल तो मध्येच अडवतो आणि त्यावरून गॅस किती वेळ सोडायचा ते ठरवतो. मूळ ईसीयूला याचा पत्ताच नसतो. आपण पेट्रोलच देतोय, असं त्याला वाटतं. गॅसचं ट्यूनिंग लीन असेल, म्हणजे गॅस कमी सुटत असेल, तर धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बघून तो इंधन वाढवत जातो. मग पेट्रोलवर टाकल्यावरही काही काळ तोच हिशेब चालू राहतो, गाडी रिच, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पेट्रोलवर, चालते आणि आपण बिचारे पेट्रोलचे इंजेक्टर उघडून बसतो. स्कॅनर लावा. दोन्ही इंधनांवर गाडी थोडी पळवून फ्युएल ट्रिम, म्हणजे मूळ ईसीयू इंधन किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा, वाचा. पेट्रोलवर शून्याच्या आसपास आणि गॅसवर अधिक २० टक्के दिसलं, तर गॅस कमी पडतोय.

का कमी पडतोय? गॅसच्या सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत भरलेला गॅस सिक्वेन्शियल किटचा (इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असलेल्या किटचा) रिड्यूसर साधारण २ बारवर आणतो. एवढा दाब उतरला की गॅस गारठतो, म्हणून रिड्यूसरमधून गरम कूलंट फिरवलेलं असतं. ठाण्याच्या मे महिन्यात रिड्यूसरवर बर्फ दिसला, तर नवा रिड्यूसर मागवण्याआधी कूलंटची पातळी बघा. मग फिल्टर. पंपावरच्या कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर थोडंथोडं येतं आणि फिल्टरमध्ये, इंजेक्टरमध्ये चिकटून बसतं.

राहिलं पेट्रोल. गॅस स्वस्त म्हणून पेट्रोलचा काटा कायम तळाला ठेवणारे इथेही बसले असतील. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो, आणि काही गाड्यांत गॅसवर असतानाही फिरत असतो. कोरडा पडला की जळतो. शिवाय हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते ओल ओढतं. पावसाळाभर पडून राहिलेलं असं पेट्रोल सकाळी दगा देतं, कारण बऱ्याच गाड्या सुरू होतात त्या पेट्रोलवरच. इंजिन तापलं की मग गॅस. पाव टाकी भरलेली ठेवा, रोज थोडं अंतर पेट्रोलवर चालवा.

गळती शोधायचं काम चहानंतर खाली गाडीवरच करू. साबणाचं पाणी तयार आहे, काडेपेट्या खिशातच राहू द्या.