टाकी चकाचक आहे, पण व्हॉल्व्ह खोलून बघितलात का?

बसा बसा, मागे जागा आहे. सुरू करायच्या आधी हा बियरच्या टाकीचा बटरफ्लाय व्हॉल्व्ह, म्हणजे आत फिरणाऱ्या चकतीने उघडझाप होणारी तोटी, पहिल्या रांगेपासून फिरवतेय, हातात घ्या, उघडू नका, नुसता वास घ्या आणि मागे द्या. वरून बघाल तर नवा वाटेल. काल टाकीबरोबरच धुतलाय, गरम क्लीनर अर्धा तास त्याच्यातून फिरलाय, नंतर पाणी, नंतर सॅनिटायझर, सगळं झालंय. फक्त एक गोष्ट केलेली नाही, तो खोललेला नाही. आला ना वास? आंबूस, जुन्या यीस्टचा. बरं, फिरू दे तो, नंतर बोलू त्याच्यावर.

मी कोनिकल, म्हणजे घरी बियर आंबवायची खाली शंकू असलेली टाकी, घेतला तेव्हा लागोपाठ तीन बॅच आंबट झाल्या. पहिल्या वेळी म्हटलं यीस्ट जुनं असेल, दुसऱ्या वेळी पाणी बदललं, तिसऱ्या वेळी माल्टवर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यावर, संशय घेतला आणि टाकी तर इतकी घासली की तोंड दिसावं, आणि चौथ्या वेळी सहज म्हणून खालचा व्हॉल्व्ह खोलला तर सीलच्या मागे तपकिरी चिकट साका बसलेला, नखाने निघेल इतका जाड. म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. टाकीचा बिचारीचा काही संबंध नव्हता.

आता हा शंकू असतो कशाला, ते दोन मिनिटांत सांगते. लिओपोल्ड नाथन नावाच्या माणसाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बियरसाठी अशी वर गोल आणि खाली निमुळती टाकी आणली, आणि मोठ्या ब्रुअरीत ती सगळीकडे पसरायला पुढे बरीच दशकं गेली. विचार सोपा आहे, यीस्टचं काम झालं की ते खाली बसतं, खाली उतार दिला की घसरत तळाच्या तोंडाशी येतं, तिथला व्हॉल्व्ह उघडला की बाहेर, बियर वरच्या वर. घरगुती टाक्यांमध्ये शंकूचा कोन बहुतेक ६० अंशांचा असतो, आणि बाजूला एक वळवता येणारी नळी असते, रॅकिंग आर्म, तिच्यातून साक्याच्या वरची स्वच्छ बियर काढायची. म्हणजे बियर आंबवायच्या साध्या बादलीत एकही जोड नव्हता, इथे तळाचा व्हॉल्व्ह, रॅकिंगचा व्हॉल्व्ह, सॅम्पलची तोटी, थर्मामीटरची नळी, झाकण, झाकणावरचा जादा दाब सोडणारा प्रेशर रिलीफ, असे सहा-सात जोड आले. सोय जिथे वाढली तिथेच घाण लपायच्या जागा वाढल्या, बाकी सगळं पुराण याच्यातूनच निघतं.

आधी बिघाड, धुणं नंतर.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, एअरलॉकमध्ये, म्हणजे गॅस बाहेर सोडून हवा आत न येऊ देणाऱ्या पाण्याच्या नळीत, बुडबुडे नाहीत, फर्मेंटेशन, म्हणजे आंबणं, सुरूच झालं नाही वाटतं. अहो, बुडबुडे म्हणजे मोजमाप नव्हे! झाकणाचं गॅस्केट जरा दुमडलं असेल, क्लॅम्प एका बाजूला सैल असेल तर गॅस तिथूनच निघून जातो आणि आत यीस्ट मजेत काम करत असतं. हायड्रोमीटर लावा, म्हणजे द्रवाची घनता मोजणारी तरंगती नळी. ग्रॅव्हिटी, म्हणजे ती घनता, उतरतेय ना, मग झालं. आणि सॅम्पल लावायच्या आधी त्यातला गॅस हलवून घालवा, नाहीतर बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून त्याला वर उचलतात आणि आकडा खोटा येतो. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर मोजणारं यंत्र, वापरत असाल तर अल्कोहोल तयार झाल्यावर त्याचा आकडा सरळ धरायचा नाही, दुरुस्ती करावी लागते. गळती शोधायची तर टाकी रिकामी असताना थोडा CO₂ भरायचा, टाकीला जितकं प्रेशर चालतं त्याच्या बरंच खाली, आणि प्रत्येक जोडावर सॅनिटायझरचा फेस फवारायचा, जिथे फुगा येईल तिथे चोर.

दुसरं, ग्रॅव्हिटी मध्येच अडकली. समजा १.०२० वर सलग तीन दिवस हलतच नाही. याची कारणं पुष्कळ, तापमान उतरलं, यीस्ट कमी पडलं, वर्टला, म्हणजे आंबण्याआधीच्या गोड माल्टच्या पाण्याला, सुरुवातीला ऑक्सिजन मिळाला नाही, पण कोनिकलवाल्यांचं खास कारण वेगळंच असतं, व्हॉल्व्ह हाताशी आहे म्हणून हात शिवशिवतात आणि काम संपायच्या आधीच साका म्हणून जिवंत यीस्ट काढून टाकलं जातं. सुरुवातीला, फर्मेंटेशन जोरात यायच्या आत, हॉप्सचा, म्हणजे बियरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, आणि प्रोटीनचा गाळ काढला तर हरकत नाही. त्यानंतर मात्र ग्रॅव्हिटी दोन-तीन दिवस एकाच शेवटच्या आकड्यावर थांबेपर्यंत हात खिशात ठेवा. काही यीस्ट तर इतकं लवकर आणि घट्ट बसतं की शंकूत त्याची वीटच होते आणि वरच्या बियरशी त्याचा संबंध राहत नाही. अशा वेळी तापमान दोन-तीन अंश वाढवायचं आणि तळाच्या तोंडातून अगदी हलका CO₂ सोडून ते पुन्हा वर उठवायचं. हलका म्हणजे हलका, आणि वरून गॅस बाहेर जायची वाट मोकळी आहे ना बघून.

उलटंही होतं, काम संपल्यावर साका आठवडेच्या आठवडे तसाच ठेवला तर शंकूतलं यीस्ट जाड थरात दाबलेलं असतं, मधला भाग नीट थंड होत नाही, पेशी फुटायला लागतात आणि बियरला सूपसारखा, रबरासारखा वास येतो. थर्मामीटर टाकीच्या मध्यावर असतो, तो सांगतो सगळं छान आहे.

आता साका काढताना जे होतं ते सगळ्यांनी बघितलंय. व्हॉल्व्ह झटक्यात पूर्ण उघडला, एक गोळा बाहेर पडला आणि लगेच स्वच्छ बियर यायला लागली, आपण खूश, साका संपला! संपला बिंपला काही नाही. बियर साक्याच्या मधोमध भोक पाडून खाली आली आणि बाजूच्या भिंतींना सगळं यीस्ट तसंच चिकटून राहिलं. म्हणून व्हॉल्व्ह जेमतेम उघडायचा, दाट धार येऊ द्यायची, पातळ व्हायला लागली की बंद, थोडे तास थांबायचं, भिंतीवरचं खाली घसरू द्यायचं, मग परत. कंटाळवाणं आहे, मान्य, पण एका बैठकीत संपवायला गेलात तर बियरच जास्त जाईल.

आणि काहीच येत नसेल तर? ड्राय हॉपिंगनंतर, म्हणजे टाकीतल्या बियरमध्ये वासासाठी हॉप्स टाकल्यावर, हे हमखास होतं, हॉप्सचा लगदा तोंडात बूच होऊन बसतो. तार वगैरे खुपसू नका, सील फाटेल आणि बाहेरचं सगळं आत जाईल. व्हॉल्व्ह बंद ठेवून बाहेरच्या बाजूला सॅनिटाइज केलेला गॅसचा जोड लावायचा, रेग्युलेटर टाकीतल्या दाबाच्या थोडाच वर ठेवायचा, मग व्हॉल्व्ह उघडून एक-दोन छोटे झटके द्यायचे. ज्या टाकीला प्रेशर चालत नाही तिला हे करायचं नाही. आणि ताज्या हॉप्सवर गॅस मारला की बियर उसळून वर येऊ शकते, वर रिकामी जागा आहे ना ते बघून घ्या. मुळात हॉप्स टाकायच्या आधी यीस्ट काढून टाकलं तर बूच कमी वेळा बसतं.

थंड करतानाचा घोटाळा लोकांना उशिरा कळतो. टाकी २० अंशांवरून २ अंशांवर आणली तर वरच्या जागेतला गॅस नुसत्या थंडीनेच जवळजवळ ६ टक्के आकसतो, शिवाय थंड बियर जास्त CO₂ पिते, म्हणजे आत पोकळी तयार होते. मग एअरलॉकमधलं पाणी आत ओढलं जातं, पाठोपाठ हवा. आणि सगळं घट्ट बंद असेल तर पातळ पत्र्याची टाकी आत चेपू शकते, कारण ती आतून बाहेरचा दाब सोसायला केलेली असते, बाहेरून आतला नव्हे. त्यामुळे थंड करताना एअरलॉक काढा आणि थोडा CO₂ देत राहा.

याच नात्यातली एक गोष्ट धुण्यात आहे आणि ती जास्त धोक्याची आहे म्हणून जरा थांबून सांगते. बियर काढल्यावर टाकी CO₂ ने भरलेली असते. तिच्यात कॉस्टिक सोडा ओतून झाकण लावलं की कॉस्टिक तो गॅस खातं आणि त्याचा कार्बोनेट होतो, म्हणजे टाकीभर गॅस बघता बघता गायब आणि आत पोकळी, आणि वर कॉस्टिकही वाया. मोठ्या ब्रुअऱ्यांमध्ये अशा टाक्या खरोखर चेपल्या आहेत. गरम क्लीनर फिरवून लगेच बंद टाकीत गार पाणी मारलं तरी तेच होतं. तेव्हा धुताना वरचं एक तोंड उघडं, नेहमी. आधी पाण्याने गॅस घालवा, हवा खेळू द्या, आणि टाकीत डोकं घालून वाकून बघायचं नाही, CO₂ जड असतो, तो तळाशी बसून राहतो.

तर धुणं. बियर निघाल्या निघाल्या विसळायचं, उद्यावर टाकायचं नाही, वरच्या बाजूला फेसाची जी तपकिरी कडा राहते ती वाळली की सिमेंट. पहिलं पाणी कोमट घ्या, कढत पाण्याने प्रोटीन पत्र्यावर शिजून बसतं. मग अल्कली क्लीनर. घरी मी कॉस्टिक वापरत नाही, सोडियम परकार्बोनेटवाली पावडर पुरते, ६० अंशांच्या आसपासचं पाणी, अर्धा तास, पंप आणि स्प्रे बॉलने, म्हणजे टाकीत चहूकडे धार मारणाऱ्या भोकाच्या गोळ्याने, फिरवत. हे द्रावण ताजंच करायचं, काही तासांत त्याचा जोर जातो, आणि उरलेलं बाटलीत घट्ट बंद करून ठेवायचं नाही, ऑक्सिजन सुटत असतो, बाटली फुटेल.

१९५९ मध्ये हर्बर्ट सिनर नावाच्या केमिस्टने स्वच्छतेचे चार भाग मांडले होते, रसायन, तापमान, वेळ आणि घासणं किंवा धारेचा जोर. एक कमी केला की दुसरा वाढवावा लागतो. पाणी गार असेल तर जास्त वेळ द्या, पंप नसेल तर भिजत घाला आणि मऊ स्पंजने पुसा. पण स्प्रे बॉलची धार जिथे पोचतच नाही तिथे चारही भाग शून्य! थर्मामीटरच्या नळीच्या मागे, रॅकिंग आर्मच्या खाली सावली पडते, तिथे हात घालावाच लागतो.

तारेची घासणी मात्र नको. आणि ब्लीच अजिबात नको, त्यातलं क्लोराइड स्टीलला बारीक खड्डे पाडतं. ३०४ नंबरच्या स्टेनलेस स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम असतं, त्याची पातळ ऑक्साइडची साय स्टीलला गंजू देत नाही, ओरखडे काढून तुम्ही ती साय खरवडता. त्यात ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो, तो तर जिवावर बेततो.

आता पांढुरकी, खरखरीत पुटं, जी क्लीनरने निघतच नाहीत. तो बियरस्टोन, मुख्यतः कॅल्शियम ऑक्झॅलेट, आणि अल्कलीने तो सुटत नाही, ॲसिडच लागतं. फॉस्फरिक ॲसिडचा क्लीनर डब्यावरच्या प्रमाणात, हातमोजे आणि चष्मा घालून, आणि ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. जड पाण्यात परकार्बोनेट वापरलं तर पांढरी पूड बसते, ती वेगळी, सायट्रिक ॲसिडने निघते. दर बॅचला ॲसिड लागत नाही, मी चार-पाच बॅचनंतर करते. टाकी खरंच साफ झाली का हे बघायला पाणी ओता, सलग पडद्यासारखं उतरलं तर ठीक, थेंब थेंब होऊन फाटलं तर अजून तेलकटपणा आहे.

सॅनिटायझर सगळ्यात शेवटी, आणि घाणीवर सॅनिटायझर चालत नाही. ॲसिडवाला फेसाळ सॅनिटायझर असेल तर आधी अल्कली पूर्ण विसळा, नाहीतर दोघं एकमेकांना मारतात. द्रावणाचा पीएच ३ च्या वर गेला की ते फेकून द्या.

कुठे पोचला आपला व्हॉल्व्ह? द्या इकडे. हे क्लॅम्प काढले, हे दोन बोल्ट काढले, बॉडी दोन भागात सुटली, ही चकती, आणि हे रबरी सील. बघा, चकतीच्या दांड्याभोवती आणि सीलच्या पाठीमागे, हे. क्लीनर चकतीवरून गेला, याच्या मागे गेलाच नाही. बॉल व्हॉल्व्ह असेल तर आणखी वाईट, गोळ्याच्या मागच्या पोकळीत बियर अडकून बसते, तीन तुकड्यांत सुटणारा घेतला नसेल तर तो साफ होतच नाही. खोलायला मला तीन मिनिटं लागली, तुम्ही घड्याळ बघत होतात.

कोणीतरी विचारलंय, प्रत्येक वेळी खोलायचं का? हो, तळाचा आणि सॅम्पलचा, प्रत्येक बॅचला. सील क्लीनरमध्ये भिजवा, ताणून बघा, कडेला चीर किंवा चपटेपणा दिसला तर बदला, त्यावर काटकसर करू नका. आणि जोडून झाल्यावर बियरच्या आधी साधं पाणी भरून एक रात्र ठेवा, खाली कोरडा कागद पसरून. सकाळी कागदावर डाग असेल तर कुठल्या जोडाचा ते लगेच कळतं.