शब्द त्याचेच, खोडरबरही त्याचंच

२८ डिसेंबर १९७४, पश्चिम बर्लिन, शिलर थिएटर. तालमीचा पहिला दिवस. नाटक आहे 'वेटिंग फॉर गोदो', जर्मन भाषांतरात. दोन माणसं, व्लादिमिर आणि एस्त्रागॉन, गोदो नावाच्या कुणाची तरी वाट बघत राहतात, ते नाटक. आणि तालीम घेतोय अडुसष्ट वर्षांचा एक उंच, काटकुळा आयरिश माणूस, ज्याने हे नाटक पंचवीसेक वर्षांपूर्वी फ्रेंचमध्ये लिहिलं. सॅम्युअल बेकेट.

आता नाटककार स्वतःच दिग्दर्शन करणार म्हटलं की नटमंडळी मनातल्या मनात कपाळाला हात लावतात, कारण हा बाबा एक स्वल्पविराम हलू देणार नाही याची खात्रीच असते. बेकेटच्या बाबतीत ही भीती निम्मी खरी होती. दुसऱ्या कोणी हलवलेला त्याला चालायचा नाही, पण तो स्वतः मात्र पेन्सिल घेऊनच बसायचा.

पहिल्या दिवशी सुरुवात कुठून केली माहितीये? पहिल्या पानावरून नाही. लकीच्या भाषणापासून! म्हणजे गळ्यात दोर बांधलेला तो गडी, जो अख्ख्या नाटकात एकदाच तोंड उघडतो आणि मग पूर्णविराम नसलेलं असं काही बडबडत सुटतो की प्रेक्षकांना वाटतं याचं डोकं फिरलंय. लकी करत होता क्लाउस हेर्म. बेकेटने त्याला ती बडबड तुकडे पाडून दाखवली, इथे आकाश आहे ज्याला माणसाचं काही पडलेलं नाही, इथून पुढे माणूस आक्रसत चाललाय, आणि इथून पृथ्वी, नुसत्या दगडांची. म्हणजे लोक ज्याला वेडाचार समजत होते त्याला नीट हाडं होती, फक्त ती दिसत नव्हती.

थोडं मागे जाऊ. १९५३ च्या जानेवारीत पॅरिसमध्ये 'गोदो' पहिल्यांदा उभं राहिलं ते रॉजे ब्लँच्या दिग्दर्शनात. बेकेट तालमींना बसायचा, पण तेव्हा रंगभूमीचा अनुभव जवळजवळ शून्य. मग १९६५ मध्ये याच शिलर थिएटरात डेरिक मेंडेल 'गोदो' बसवत होता, तिथे हा मदतीला आला, आणि जे उभं राहिलं त्यावर काही खूश नव्हता. पुढे तिथेच त्याने आपलीच नाटकं स्वतः बसवली, १९६७ ला 'एंडगेम', १९६९ ला 'क्रॅप्स लास्ट टेप', १९७१ ला 'हॅपी डेज', सगळं जर्मनमध्ये. आणि मग दहा वर्षांनी परत 'गोदो', १९६५ चेच दोन नट घेऊन. व्लादिमिर झाला श्टेफान विगर, एस्त्रागॉन होर्स्ट बोलमान. एक उंच सडपातळ, दुसरा बुटका गोलमटोल.

या जोडीच्या शरीरांचं त्याने काय केलं ते बघा. पहिल्या अंकात व्लादिमिरची पँट पट्ट्यापट्ट्यांची, ती त्याच्या मापाची, पण वरचा काळा कोट एस्त्रागॉनच्या मापाचा, म्हणजे तोकडा. एस्त्रागॉनच्या अंगात पट्ट्यांचा कोट, तो ढगळ, कारण तो व्लादिमिरचा. दुसऱ्या अंकात उलटापालट, आता कोट ज्याचे त्याला बसतात, पण पँटी बदललेल्या, त्यामुळे एकाची वर चढलेली आणि दुसऱ्याची पायात लोळतेय. या अदलाबदलीबद्दल कोणी चकार शब्द बोलत नाही. हे दोघं एकमेकांशिवाय पुरे होत नाहीत एवढं शिंप्याच्या टेपने सांगून टाकलं, आणि माझ्या मते त्या नाटकावरच्या कितीतरी जाड पुस्तकांपेक्षा हे जास्त सांगतं.

सुरुवातही बदलली. छापील नाटकात एस्त्रागॉन एकटाच बूट काढायची झटापट करत असतो आणि व्लादिमिर नंतर येतो. बर्लिनमध्ये पडदा उघडतो तेव्हा दोघंही तिथेच, एक दगडावर बसलेला, एक झाडापाशी उभा, आणि बराच वेळ काहीच होत नाही. अशा गोठलेल्या जागा त्याने नाटकात ठिकठिकाणी पेरल्या, नाव दिलं 'वार्टेश्टेलं', वाट बघायच्या जागा. आपल्याकडे नट म्हणतात ना, पॉज खाल्ला, तर इथे पॉज खायची सोयच नव्हती, कारण तो वहीत लिहून ठेवलेला. कोण कुठून कुठे जाणार, सरळ का वळसा घेऊन, याच्या आकृत्या, बाण, सगळं वहीत.

एवढा हिशोब बघून विगरलाच शंका आली की यात माणूस कोरडा नाही का पडणार. बेकेटचं म्हणणं असं की हा खेळ आहे, सगळाच खेळ आहे, पण जगून राहण्यासाठी खेळलेला. ८ मार्च १९७५ ला पहिला प्रयोग झाला, आणि पुढे तो लंडन, न्यूयॉर्कलाही गेला.

'क्रॅप्स लास्ट टेप'ची गंमत तर अजून वेगळी. त्यात एकटा म्हातारा क्रॅप आपल्याच आवाजाच्या जुन्या टेप ऐकत बसतो. मूळ संहितेत या म्हाताऱ्याचं नाक जांभळं, पायात भलेमोठे पांढरे बूट, थोडक्यात विदूषक. बर्लिनला क्रॅप करणाऱ्या मार्टिन हेल्डबरोबर काम करताना बेकेटने ते नाक पुसलं, बुटांच्या जागी झिजक्या सपाता आल्या. वर एक नवीन गोष्ट घातली, क्रॅप मध्येच थांबतो आणि खांद्यावरून मागे अंधारात बघतो. तिथे मृत्यू उभा आहे, असं त्याने हेल्डला सांगितलं. लिहिताना टेबलाशी बसून हे सुचलं नव्हतं, त्यासाठी खरा अंधार आणि त्यात बसलेला खरा नट लागला.

आणि हाच माणूस १९८४ मध्ये अमेरिकेत दुसऱ्यांनी 'एंडगेम' एका पडीक भुयारी रेल्वे स्टेशनात घडतंय असं दाखवलं म्हणून इतका भडकला की प्रकरण वकिलांपर्यंत गेलं, शेवटी कार्यक्रम पत्रिकेत त्याचा निषेध छापून प्रयोग झाले. याला दुटप्पीपणा म्हणायचं का? थोडा म्हणा. पण आपल्या घराची भिंत आपण पाडणं आणि शेजाऱ्याने येऊन पाडणं यात फरक असतोच की, जरी शेजाऱ्याचा प्लॅन बरा असला तरी.

शेवटचं एक, लंडन, रॉयल कोर्ट, मे १९७६. नाटक 'फुटफॉल्स', नटी बिली व्हाइटलॉ. फाटक्या करड्या कपड्यातली एक बाई, उजेडाची एक अरुंद पट्टी, आणि ती त्यावर येरझाऱ्या घालते, बास, जवळजवळ एवढंच नाटक. छापायला गेलेल्या संहितेत एका फेरीची पावलं होती सात. प्रत्यक्ष चालताना सात कमी पडली. मग नऊ झाली, आणि संवादात जिथे पावलं मोजतात तिथेही आकडा बदलावा लागला.