स्पायडरमॅनला बँकेने पैसे नाकारले तेव्हा

नमस्कार मंडळी. इथे गोदाघाटावर सुट्टीच्या दिवसात चक्कर मारा, फुगेवाल्याकडे लाल रंगाचा जाळीवाला मुखवटा लटकलेला दिसणारच, आणि सिडको असो नाहीतर सातपूर, शाळेच्या फॅन्सी ड्रेसमध्ये एक तरी स्पायडरमॅन असतोच. 1962 मध्ये अमेरिकेत, बंद पडणाऱ्या एका मासिकाच्या शेवटच्या अंकात तो पहिल्यांदा आला, स्टॅन ली यांचं लेखन आणि स्टीव्ह डिटको यांची चित्रं. साठ वर्षं उलटून गेली तरी पोरांना तोच हवा असतो. का?

बरेच जण म्हणतात जाळं सोडतो, इमारतींवरून उड्या मारतो म्हणून. मला ते पटत नाही, उडणारे हिरो ढिगाने आहेत. माझं म्हणणं असं की एवढी ताकद येऊनही त्याच्या घरची ओढाताण काही सुटत नाही, आणि ती आपल्याला लगेच कळते.

1963 चा त्याच्या स्वतःच्या मासिकाचा पहिला अंक बघा. मुखवट्यामागचं पोरगं म्हणजे पीटर, त्याला वाढवणारे बेन काका गेलेत, घरभाडं थकलंय, पीटर स्पायडरमॅन बनून शो करून चार पैसे कमवायला जातो तर चेक मिळतो स्पायडरमॅनच्या नावाने. तो बँकेत काउंटरवर जातो, पूर्ण ड्रेस घालून, आणि क्लार्क विचारतो ओळखपत्र कुठाय? असा ड्रेस तर कोणीही घालेल! पैसे मिळत नाहीत. तिकडे बेन काकांची बायको मे काकू त्याला न सांगता दागिने गहाण टाकते, त्याचं शिक्षण थांबू नये म्हणून. आता मला सांगा, नाशकात असं घर नाही का? पोराच्या फीसाठी आईची पाटली सोनाराकडे गेलेली किती घरं आपल्या ओळखीची आहेत.

आणि 1966 चा अंक नंबर 33, तो तर मी कितीही वेळा बघू शकतो. मे काकूचा जीव ज्या औषधावर अवलंबून आहे ते समोर चार पावलांवर पडलंय आणि पीटर एका भल्यामोठ्या मशीनखाली चेपलेला, वरून पाणी गळतंय, हात थरथरतायत. डिटको घाई अजिबात करत नाहीत, चौकटीमागून चौकट तो नुसता जोर लावतोय, हरतोय, काकू आठवते, परत जोर लावतोय, आणि मग पूर्ण पानभर एकच चित्र, मशीन उचललेलं! जग वाचवणं वगैरे काही नाही हो, घरातलं एक आजारी माणूस वाचवायचंय बस्स. सिव्हिलच्या बाहेर औषधाची चिठ्ठी घेऊन रात्री धावलेल्या माणसाला हे पान समजावून सांगावं लागत नाही.

मुखवट्याचंही सांगतो. डिटकोंनी चेहरा पूर्ण झाकला, डोळेसुद्धा दिसत नाहीत, म्हणजे आत कुठल्याही रंगाचं, कुठल्याही गावचं पोरगं असू शकतं. म्हणून 2004 मध्ये मुंबईचा पवित्र प्रभाकर आला, 2011 मध्ये न्यूयॉर्कचा कृष्णवर्णीय पोरगा माइल्स मोरालेस आला, आणि लोकांनी त्यांना स्पायडरमॅन म्हणून घेतलंसुद्धा.

मधल्या काही सिनेमांत मात्र त्याला एका अब्जाधीशाने बनवलेला महागडा सूट दिला, ते मला खटकलंच. सूट विकत कुठून येतो, त्याने तो स्वतः रात्री जागून शिवलेला असायला हवा! 2021 च्या सिनेमात शेवटी तो परत भाड्याच्या खोलीत शिलाई मशीनवर बसतो तेव्हा कुठे मला बरं वाटलं. तुमच्या घरी पोरं सिनेमेच बघत असतील तर तो 33 नंबर जरूर मिळवा आणि त्यांच्या शेजारी बसून वाचा, आजीलाही बसवा, मे काकूंचा भाग तिला जास्त आवडेल.