सांडपाण्याच्या विधेयकातून आलेला पेन्शन कायदा

(दृश्य : फ्रँकफोर्ट, केंटकी राज्याचं विधानभवन)

२९ मार्च २०१८, गुरुवार. अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या विधिमंडळात सिनेट विधेयक क्रमांक १५१ समितीसमोर आलं. तोवर हे ११ पानी विधेयक सांडपाण्याच्या सोयीविषयीचं होतं. त्या दुपारी त्यातला मजकूर काढला गेला आणि त्या जागी २९१ पानांचा नवा मजकूर आला. हा मजकूर होता शिक्षकांच्या आणि इतर सरकारी कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचा. विधेयकाचा क्रमांक तोच राहिला. रात्रीपर्यंत दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं. प्रतिनिधिगृहात ४९ विरुद्ध ४६, सिनेटमध्ये २२ विरुद्ध १५. साऱ्याला मिळून साधारण सहा तास लागले. २९१ पानं वाचून, समजून घेऊन मत द्यायला एवढा वेळ पुरतच नाही.

(दृश्य : वर्गखोली)

केंटकीतल्या सरकारी शाळेतला शिक्षक सोशल सिक्युरिटी या देशाच्या म्हातारपणच्या पेन्शन योजनेत नसतो. म्हातारपणी त्याला आधार एकच, राज्याची पेन्शन. त्यासाठी पगारातले जवळपास १३ टक्के दरमहा कापले जायचे, त्यात निवृत्तीनंतरच्या औषधपाण्याचा हिस्साही होता. २७ वर्षं नोकरी झाली की पूर्ण पेन्शन. ही कपात एकाही महिन्यात चुकली नाही, कारण ती पगार हातात येण्याआधीच होते. सरकारनं मात्र आपला पूर्ण वाटा वर्षानुवर्षं भरला नाही. त्यामुळे केंटकीच्या पेन्शन निधींची तूट देशातल्या सर्वांत मोठ्या तुटींपैकी एक झाली. तूट खरी होती, तिच्यावर उपाय करणंही भाग होतं. पण ज्यांनी आपला वाटा चुकवला नाही, त्यांना अंधारात ठेवून हा उपाय केला गेला. हा अन्यायच होता.

कायद्यात होतं काय? १ जानेवारी २०१९ नंतर लागणाऱ्या शिक्षकांना ठरावीक पेन्शनऐवजी वेगळी योजना. त्यात प्रत्येकाच्या नावे रक्कम साठणार आणि निवृत्तीनंतर मिळणारा पैसा त्या साठ्यावर ठरणार. कामावर असलेल्या शिक्षकांच्या शिल्लक आजारी रजांवरही मर्यादा आली. पेन्शन काढताना त्या रजांचा हिशोब धरला जायचा. पुढे साठवलेल्या रजा त्यात धरल्या जाणार नव्हत्या. अंगात ताप असताना वर्गावर उभं राहून रजा वाचवणाऱ्यांना हे फार लागलं.

(दृश्य : २ एप्रिल, विधानभवनासमोरची गर्दी)

विधेयक मंजूर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३० मार्चला, शिक्षकांनी आजारी रजा टाकल्या. लुईव्हिल, लेक्सिंग्टनसह २० हून जास्त काउंटींत शाळा उघडल्या नाहीत. सोमवारी, २ एप्रिलला, हजारो शिक्षक फ्रँकफोर्टला आले. फलकांवर सांडपाण्याचा उल्लेख जागोजागी होता, आणि घोषणा होती नोव्हेंबरच्या निवडणुकीत हे लक्षात ठेवण्याची.

१० एप्रिलला राज्याचे गव्हर्नर मॅट बेव्हिन यांनी विधेयकावर सही केली. तीन दिवसांनी, शिक्षक पुन्हा राजधानीत जमलेले असताना, त्यांनी म्हटलं की शाळा बंद असल्यानं राज्यात आज कुठे ना कुठे एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल. नंतर त्यांनी माफी मागितली. पण मुलांना जीव लावणाऱ्या माणसांच्या मनातून ते वाक्य पुसलं जाणं शक्य नव्हतं. मे महिन्यात रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, गणिताचे शिक्षक ट्रॅव्हिस ब्रेंडा यांनी प्रतिनिधिगृहातले बहुमताचे नेते जोनाथन शेल यांना १२३ मतांनी हरवलं. शेल या कायद्याच्या शिल्पकारांपैकी एक होते.

(दृश्य : राज्यघटनेचं पान)

राज्याचे ॲटर्नी जनरल, म्हणजे मुख्य कायदा अधिकारी, अँडी बेशिअर, शिक्षक संघटना आणि पोलिसांची संघटना न्यायालयात गेले. केंटकीच्या १८९१ च्या राज्यघटनेत ४६ वं कलम आहे. त्यानुसार प्रत्येक विधेयकाचं प्रत्येक सभागृहात तीन वेगवेगळ्या दिवशी वाचन व्हायला हवं. विधेयक १५१ ची सिनेटमध्ये तीन आणि प्रतिनिधिगृहात दोन वाचनं आधीच झाली होती, पण ती सांडपाण्याच्या मजकुराची. ती पेन्शनसाठी धरायची का? १३ डिसेंबर २०१८ ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं नाही म्हटलं. तीन दिवसांची अट यासाठी असते की आमदाराला विचार करता यावा आणि ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे त्याला राजधानी गाठता यावी. कायदा रद्द झाला.

बेव्हिन यांनी चारच दिवसांनी पेन्शनच्या प्रश्नावर तातडीचं खास अधिवेशन बोलावलं. विधिमंडळात त्यांच्याच पक्षाचं मोठं बहुमत होतं, तरी एका दिवसात काहीही मंजूर न करता ते गुंडाळलं गेलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये बेशिअर सुमारे ५ हजार मतांनी जिंकून गव्हर्नर झाले.

गोष्ट इथे थांबवली तर शिक्षकांचा विजय वाटेल, आणि ते अर्धसत्य ठरेल. न्यायालयानं निकाल दिला तो कायदा करण्याच्या पद्धतीवर. पेन्शनचं वचन मोडता येतं का, या प्रश्नाला त्यानं हात लावला नाही. २०२१ मध्ये नव्या शिक्षकांसाठीची वेगळी योजना प्रतिनिधिगृहाचं विधेयक क्रमांक २५८ म्हणून, पेन्शनच्याच नावानं विधिमंडळात आली आणि मंजूर झाली. गव्हर्नर बेशिअर यांनी नकाराधिकार वापरला, विधिमंडळानं तो उलटवला. १ जानेवारी २०२२ पासून नव्यानं लागलेले शिक्षक या योजनेत आहेत. शेजारच्या वर्गावर शिकवणाऱ्या जुन्या सहकाऱ्याची ठरावीक पेन्शन कायम आहे.