पुढचं साल चाळीत दिसतं

[चाळीचं आतलं दृश्य. एक हात कांद्याच्या थरात कोपरापर्यंत जातो.]

हा हात ऊब शोधतोय. आतला कांदा गरम आणि ओलसर लागला की समजायचं, सड सुरू झाली. वास नंतर येतो.

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातली ही कांदा साठवायची चाळ. चारेक फूट रुंद, बाजूंना बांबू, मधून वारा खेळता. मालकांना गावात सगळे आबा म्हणतात. एप्रिलच्या आसपास भरलेला उन्हाळ कांदा इथे ऑक्टोबरपर्यंत बसतो. देशात पिकणाऱ्या कांद्यातला जवळपास दोन-तृतीयांश असाच, रब्बीचा. पावसाळाभर ताटात येतो तो अशाच चाळींतून. म्हणून चाळीत किती सडला हे कळलं, की दिवाळीचा भाव निम्मा कळला.

[एकच कांदा, जवळून.]

आता मान बघा. काढणीच्या वेळी पात आपसूक आडवी पडली, मान बारीक होऊन सुकली, तर कांदा टिकतो. मान जाड राहिली तर सड तिथूनच आत शिरते. वर डबल पत्ती, म्हणजे सालीचे दोन पदर असतील तर सोन्याहून पिवळं. २०२३ च्या मार्च-एप्रिलमध्ये काढणीच्या तोंडावर अवकाळी आला, गारा आल्या. आबा तेव्हाच म्हणाले होते, हा माल दसरा बघणार नाही. मग ऑगस्ट आला, देशातला १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. खरिपाचा लाल कांदा लांबला. चाळी रिकाम्या होत आल्या आणि नवा माल शेतातच. ऑक्टोबरअखेर भाव उसळला, तेव्हा नवल वाटलं ते शहरात.

[डोंगळ्यांचं शेत. मधमाश्यांचा आवाज पाच सेकंद तसाच राहू द्यावा.]

कांद्याच्या फुलांचे हे पांढरे गोंडे म्हणजे डोंगळे. लोक फोटो काढतात आणि पुढे जातात. जाणत्याला मात्र इथे पुढचं साल दिसतं. यातून मिळणारं बी, म्हणजे उळं, फार नाजूक. वर्ष उलटलं की त्याच्या उगवणीचा भरवसा नाही. त्यामुळे साठवून ठेवलेलं जुनं उळं कामाचं नाही, आणि यंदा शिवारात जेवढे डोंगळे तेवढीच पुढच्या लागवडीची धाव. हेक्टरी आठ-दहा किलो उळं लागतं. फुलोऱ्यात पाऊस झाला, माशी फिरली नाही, की उळं महागलंच.

याची उलटी बाजूही आहे. दिवाळीच्या सुमारास कांदा तेजीत असला की ज्याने जन्मात कांदा लावला नाही तोही उळं शोधत फिरतो. कृषी सेवा केंद्रासमोर रांग लागते. ती रांग म्हणजे पुढच्या एप्रिलची मंदी, आणि टीव्हीवरच्या तज्ज्ञाआधी ती दुकानदाराला दिसलेली असते.

[लासलगाव. ट्रॅक्टरच्या रांगा, वरून. मग लिलावाचा गलका.]

आशियातली सगळ्यात मोठी कांदा बाजारपेठ अशी हिची ओळख. घोळका एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकतो. सहा महिन्यांच्या कष्टाचा भाव काही क्षणांत ठरतो. बातम्यांत सरासरी सांगतात. आबांचं लक्ष कमीत कमी आणि जास्तीत जास्त यांच्यातल्या अंतराकडे. गोल्टीला, म्हणजे बारक्या कांद्यालाही चढाओढीने बोली लागली, तर मागणी खरी. वरचा भाव जागेवर आणि खालचा घसरतोय, म्हणजे काजळी (काळी बुरशी) धरलेला, कोंब फुटलेला माल चाळींतून बाहेर पडायला लागला. ज्याचा माल चांगला आहे त्याने तेव्हा घाई करू नये.

[मोबाइलचा पडदा. मागे रिकामा यार्ड.]

एक खूण मात्र शिवारात उगवत नाही. १९ ऑगस्ट २०२३, निर्यातीवर ४० टक्के शुल्क. २८ ऑक्टोबर, टनाला किमान ८०० डॉलर निर्यातदराची अट. ८ डिसेंबर, सरळ बंदी. डिसेंबरात बाजारात असतो लाल कांदा, जो चाळीत टिकतच नाही. उपटला की विकायचा. उन्हाळवाला निदान चाळ झाकून बसू शकतो, लालवाल्याला ती सोय नाही. सगळ्या खुणा बरोबर वाचून माणूस चुकला तो इथे. लिलाव बंद पडले, भाव उतरले, ४ मे २०२४ ला बंदी उठली, २० मेच्या लोकसभेच्या मतदानात याच कांदापट्ट्यातली दिंडोरीची जागा सत्ताधाऱ्यांच्या हातून गेली. शुल्क पुरतं हटायला १ एप्रिल २०२५ उजाडला.

[गादीवाफा. सकाळ.]

आबा उळं टाकताहेत. मातीत बोटाने रेघ, चिमटीतून काळं बी, वरून हाताने माती सारखी. यंदा वाफे गेल्या वर्षीच्या निम्मे. का, म्हणून विचारलं, तर त्यांनी मान वर न करता सांगितलं, "येताना दुकानापुढची रांग नाही पाहिली का तुम्ही?"

[झारीचं पाणी. आवाज तसाच.]