हरिहरच्या शेजारचा भास्करगड

हरिहर किल्ला कोणी कोणी केलाय? हात वर करा. अर्धं सभागृह! आता भास्करगड? हं, अपेक्षेप्रमाणेच. त्र्यंबकेश्वरहून खोडाळ्याच्या रस्त्याने निरगुडपाड्याला उतरलं की दोन्ही गडांकडे जाता येतं. भास्करगडालाच बसगड असंही म्हणतात. पावसाळ्यातल्या रविवारी हरिहरच्या पायऱ्यांवर रांगा लागतात, आणि इकडे मात्र एखादा गुराखी भेटला तर भेटला.

इथे निवांत वाटतं, म्हणून या, असं मी म्हणणार नाही. उलट मला सांगायचंय की गर्दी ही डोंगरावरची मोठी सोय असते. हजारो पायांनी वाट मळते, चुकलात तर मागून कोणीतरी हाक मारतं, लिंबूपाणी मिळतं. भास्करगडावर यातलं काहीच नाही. तिथे वाट शोधावी लागते, आणि खरी मजा त्यातच आहे.

पहिला घोळ होतो ढोरवाटांचा. जंगलात पाच-सहा वाटा फुटतात आणि सगळ्या सारख्याच ठळक. गुरं चाऱ्यामागे जातात, त्यामुळे त्यांची वाट उताराला आडवी रेंगाळते, मध्येच झुडपात विरते. माणसाची वाट कुठेतरी पोचण्यासाठी असते. ती खिंड नाहीतर डोंगराची उतरती सोंड धरते. दहा मिनिटं चालूनही उंची वाढत नसेल तर मागे फिरा. त्याहून सोपा उपाय म्हणजे पाड्यावर आधी विचारा. ‘बाबा, गडाची वाट कुठनं?’ एवढं विचारण्याऐवजी आपल्याला मोबाईलवरचा नकाशा पुरे वाटतो, काय करणार!

पुढे कारवीच्या झुडपांचा टप्पा, मग घसारा, म्हणजे सुट्या दगडमातीचा निसरडा चढ, आणि मग उभा कातळ. आपल्याकडचे डोंगर असे पायऱ्यापायऱ्यांचे का दिसतात? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले. टणक थरांचे कडे राहिले, ठिसूळ थर झिजून उतार झाले. शेवटच्या कड्यात गड घडवणाऱ्यांनी पायऱ्या खोदल्या. हरिहरच्या पायऱ्या सरळ अंगावर येतात. इथल्या वळणं घेत, दोन्हीकडच्या कातळातून चढतात. जागोजागी त्यात माती आणि दगड भरलेत, म्हणून पाय आडवा टाकायचा, टाच टेकू द्यायची. वर दरवाजा आहे, पण अर्धा गाडलेला. सॅक आधी आत ढकलायची आणि मग आपण रांगत जायचं. ताठ मानेने गडात शिरायची हौस असेल तर ती इथे फिटत नाही!

वर मारुती, पाण्याची टाकी, पडक्या जोत्यांचे अवशेष. इतिहास थोडक्यात सांगतो: १८१८ मध्ये त्र्यंबकगड पडला आणि त्याच्या आसपासचे हे किल्लेही इंग्रजांकडे गेले. पठारावरून हरिहर, ब्रह्मगिरी, अंजनेरी ओळीने दिसतात. हरिहरवरची गर्दी इथून बघायला मला, खोटं कशाला बोलू, फार आवडते.

जायचंच तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. भर पावसात त्या पायऱ्यांवर शेवाळं असतं. पिण्याचं पाणी खालूनच न्या. एकट्याने जाऊ नका, कारण मदतीला धावून येणारं वर कोणी नसतं. आणि निघताना पाड्यावर सांगून जा, किती जण आहात आणि कधी उतरणार ते. आता विचारा प्रश्न.