घरी बनवलेला ईव्ही चार्जर: डब्याच्या आत नेमकं काय चालतं

भिंतीवर लावलेला डबा, त्यातून निघालेली जाड केबल आणि टोकाला गन, याला आपण सगळे चार्जर म्हणतो, पण खरा चार्जर गाडीच्या आत असतो. एसीचं डीसी करणं, बॅटरीला कधी किती करंट द्यायचा याचा हिशोब, हे सगळं गाडी स्वतः करते. डब्यातून तिच्याकडे जातो तो घरातलाच एसी सप्लाय, आणि म्हणूनच हा डबा घरी बनवता येतो. रस्त्यावरचे डीसी फास्ट चार्जर वेगळे, ते थेट बॅटरीला डीसी देतात, तो खेळ घरचा नाही.

मग डब्याचं काम काय? गाडीशी बोलायचं आणि काही बिनसलं तर लाइन तोडायची.

आधी बोलणं बघू, कारण मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. गनमध्ये पॉवरच्या पिना आणि अर्थ सोडून एक बारीक पिन असते, कंट्रोल पायलट. डबा या वायरवर १ हजार ओहमच्या रेझिस्टरमधून १२ व्होल्ट देतो. गन मोकळी असेल तर १२ चे १२ च राहतात. गाडीला लावली की गाडीतला रेझिस्टर लागतो आणि व्होल्टेज ९ वर येतं, म्हणजे गाडी आली. गाडी चार्जिंगला तयार झाली की ती आणखी एक रेझिस्टर जोडते आणि आकडा ६ वर येतो, तेव्हा कुठे डबा काँटॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारा जाड स्विच, ओढतो आणि सप्लाय सुरू होतो. त्याआधी गनच्या पॉवर पिनांवर सप्लाय नसतोच.

आता डब्याला गाडीला सांगायचं असतं की किती करंट घ्यायचा. त्यासाठी गाडी जोडल्यावर तीच वायर सेकंदाला १००० वेळा अधिक १२ आणि उणे १२ अशी फिरवायची, आणि अधिकची बाजू किती टक्के वेळ राहते त्यावरून गाडी आकडा वाचते. सूत्र अगदी सोपं, १० ते ८५ टक्क्यांपर्यंत टक्के गुणिले ०.६ बरोबर अँपिअर. १० टक्के म्हणजे ६ अँपिअर, ५० टक्के म्हणजे ३०. एवढ्या साध्या सिग्नलवर जगभरातल्या गाड्या एसी चार्जिंग घेतात, हे मला अजूनही भारी वाटतं.

आणि त्या उण्या १२ चं आणखी एक काम आहे. गाडीच्या आत एक डायोड असतो, तो करंट एकाच दिशेने जाऊ देतो, त्यामुळे रेझिस्टर फक्त अधिकची बाजू खाली ओढतो, उणे बाजू उणे १२ वरच राहते. समजा गनमध्ये पाणी गेलं, तर पाण्यातून दोन्ही बाजू शून्याकडे सरकतील, डब्याला कळतं की समोर गाडी नाही आणि तो सप्लाय चालूच करत नाही. पण हे तपासणारा कोड तुमच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे डब्यातल्या चिपच्या प्रोग्रॅममध्ये, पाहिजे. फक्त वरचा आकडा वाचून काँटॅक्टर ओढणारं सर्किट दिसलं तर ते वापरू नका.

बोर्डसाठी लोक ईएसपी३२ किंवा अर्डुइनोवाली चिप घेतात. तिच्या पिनेतून ३.३ किंवा ५ व्होल्टच निघतात, म्हणून पुढे ऑप-अँप, म्हणजे सिग्नल मोठा करणारी चिप, लावून अधिक-उणे १२ बनवावं लागतं. शून्यापासून करायचं नसेल तर ओपन-ईव्हीएसई नावाचं अशा डब्याचं तयार डिझाइन आहे, त्याचं सर्किट आणि कोड दोन्ही सगळ्यांसाठी खुलं आहे, तपासून तपासून घट्ट झालेलं, आणि माझं स्पष्ट मत आहे की सुरुवात तिथूनच करावी.

आता लाइन तोडायचा भाग. इथे हौस चालत नाही. काँटॅक्टर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा हवा, आणि बंद केल्यावर तो खरंच उघडला का हे तपासणारं सर्किट हवं, कारण काँटॅक्टचे पॉइंट एकमेकांना चिकटू शकतात. ३० मिलिअँपची आरसीसीबी, म्हणजे करंट लीक झाला की लाइन तोडणारा स्विच, हवी, आणि गाडीकडून डीसी लीकेज आलं तर साधी आरसीसीबी आंधळी होऊ शकते, म्हणून ६ मिलिअँप डीसी पकडणारा सेन्सर किंवा मग डीसी लीकेजही पकडणारी टाइप बी आरसीसीबी. अर्थिंग नीट आहे का हे चार्जिंग सुरू व्हायच्या आधी डब्याने बघायला हवं. हे सगळं तयार, प्रमाणित पार्ट घेऊन करा, आणि मेन बोर्डापासून डब्यापर्यंतची लाइन लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच ओढून घ्या, वेगळ्या एमसीबीवर.

गरम होण्याचं पण बघा. ३२ अँपिअर २३० व्होल्टला म्हणजे जवळपास ७.४ किलोवॅट, आणि ते पाच-दहा मिनिटं नाही, रात्रभर. गिझर तापला की बंद होतो, गाडी थांबत नाही. एखादा स्क्रू जरा सैल राहिला तरी तिथे उष्णता साठत जाते आणि प्लास्टिक वितळतं. त्यामुळे वायरच्या टोकाला फेरुल (तारा एकत्र दाबून धरणारी धातूची छोटी नळी), स्क्रू टॉर्क बघून आवळायचे, आणि टर्मिनलजवळ एक टेंपरेचर सेन्सर, तापमान वाढलं की कोड आपोआप करंट कमी करेल असा.

एवढं जमलं की मग कस्टमायझेशन, आणि इथे हवा तेवढा खेळ करा कारण आपण फक्त ते टक्के बदलतोय. मेन लाइनवर सीटी क्लँप, म्हणजे वायरभोवती बसून करंट मोजणारा सेन्सर, लावला की घर किती करंट ओढतंय ते कळतं, समजा मर्यादा ४० आहे आणि घर २२ घेतंय, तर डबा गाडीला १८ सांगेल म्हणजे ३० टक्के, ओव्हन लागला की लगेच कमी करेल. छतावर सोलर असेल तर उरलेलीच वीज गाडीत टाकता येते, फक्त ६ अँपिअरच्या खाली सांगायची सोयच नाही, म्हणजे सिंगल फेजला साधारण १.४ किलोवॅट जास्तीची असेल तेव्हाच ते सुरू होतं, आणि ढग आला की चालू-बंद चालू-बंद होऊ नये म्हणून कोडमध्ये काही मिनिटांचा थांबा ठेवावा. वायफाय, होम असिस्टंट (घरातली उपकरणं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर), स्वस्त वीजदराच्या वेळेचं टायमर, कार्ड लावून अनलॉक, सगळं होतं. एक मात्र पाळा, चार्जिंग थांबवताना आधी पायलटचा सिग्नल थांबवून तो सरळ १२ वर न्या, गाडी स्वतःच करंट शून्य करेल, मगच काँटॅक्टर सोडा. भर लोडवर रोज रोज तोडलं तर पॉइंट जळतात.

पहिली चाचणी गाडीवर करायची गरज नाही. एक डायोड, २.७४ किलोओहमचा रेझिस्टर आणि स्विचमागे १.३ किलोओहमचा दुसरा, हे पायलट आणि अर्थच्या मध्ये लावलं की झाली नकली गाडी. स्विच बंद असताना ९, चालू केला की ६ आणि काँटॅक्टरचा आवाज. मग डायोड शॉर्ट करून बघा, डब्याने लगेच एरर दाखवून काँटॅक्टर सोडला पाहिजे. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. सगळं पास झालं की गाडी जोडा, पहिला तास ६ अँपिअरवरच ठेवा, टर्मिनलचं तापमान स्क्रीनवर बघत रहा, आणि ते स्थिर राहिलं तर १०, १६ असं टप्प्याटप्प्याने वाढवा.